वर्तुळाची प्रदक्षिणा

माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला, म्हणजे कागदोपत्री महेश्वरी उद्यानाला, वळसा घालून सुखरूप बाहेर पडणाऱ्या वाहनचालकाच्या मुद्रेवर तीर्थयात्रा पार पडल्याचे जे समाधान दिसते, ते दिसण्याचे वास्तविक काही कारण नाही. वर्तुळाकार चौक ही मूळची धाडसाची जागा नव्हे. दोन दुहेरी रस्ते नुसते एकमेकांना छेदतात तेव्हा वाहने परस्परांच्या आड येण्याच्या ३२ जागा निर्माण होतात. मध्ये वर्तुळ घालून त्याभोवती एकच रांग ठेवली की त्या ८ वर येतात. शिवाय वळणामुळे वेग उतरतो, तो वेगळाच.

इतके असूनही आमच्या शहरात वर्तुळापाशी कोंडी होते, याचे कारण आत आधी कोणी जावयाचे या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने स्वतःपुरते ठरविलेले असते. बसचालक आकाराच्या, मोटारवाला भोंग्याच्या आणि स्कूटरस्वार निव्वळ फटीच्या आधारावर आपला हक्क सांगतो. कायद्याचे उत्तर मात्र एकच आहे. आपण डाव्या बाजूने वाहने चालवितो; म्हणून वर्तुळात फिरणारे वाहन बाहेरच्याच्या उजवीकडून येते, आणि त्याला आधी जाऊ द्यावयाचे. १९८९ च्या नियमांत उजवीकडच्याला वाट देण्याचे बंधन होते. २०१७ च्या विनियमांतही अग्रहक्क वर्तुळातल्याचाच आहे. हा प्रश्न सौजन्याचा नसून हिशेबाचा आहे. बाहेरच्याला आधी सोडले तर वर्तुळ भरत जाते, भरलेल्या वर्तुळातून कोणालाच आपल्या फाट्यापर्यंत पोचता येत नाही, आणि आतला अडला की बाहेरचाही अडतो. ब्रिटनमध्ये नेमके हेच घडत असे. नोव्हेंबर १९६६ मध्ये तेथे उजवीकडच्याला अग्रहक्क देण्याचा नियम झाला, तेव्हा कोठे वर्तुळे वाहती झाली.

देवाला उजव्या हाताशी ठेवून प्रदक्षिणा घालण्याचा आपला प्रघात जुना आहे, आणि वर्तुळाची दिशाही तीच. परंतु कित्येक दुचाकीस्वार प्रत्येक सर्कल शंकराचे देवालय समजतात, आणि सोमसूत्र ओलांडू नये म्हणून अर्ध्यातूनच उलटे फिरतात! रस्ता ओलांडणारी वृद्धा बिचारी उजवीकडे पाहत असते. ही भक्ती तिच्यावर डावीकडून येऊन आदळते.

शिरण्यापूर्वी वेग उतरवावा, उजवीकडे पाहावे, आणि जागा मिळताच न अडखळता आत जावे. उजवीकडे वळावयाचे असल्यास आतल्या बाजूने राहावे, आणि आपल्या आधीचा फाटा मागे पडताच डावा दिवा दाखवावा. फाटा चुकलाच तर जागच्या जागी थांबून मागे येण्यापेक्षा आणखी एक फेरी घालावी. तिच्यावर अद्याप कर बसलेला नाही.

दोष एकट्या चालकांचा आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. रस्ते ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी वर्तुळाच्या प्रत्येक तोंडाशी वाट देण्याची तुटक पांढरी रेघ ओढावी, आणि ती पावसाळ्यानंतर पुन्हा ओढावी. परवाना देताना उमेदवाराकडून मैदानात आठाचा आकडा काढून घेतात. त्याच दिवशी त्याला भर रहदारीच्या एखाद्या शून्याभोवतीही फिरवून आणावे, अशी आमची सूचना आहे.