चालतंय ना, मग हात कशाला लावतोस?

एम्बेडेड क्षेत्रातल्या कुठल्याही कचेरीत हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतं. बोर्ड सुरू झाला, सिरियल कन्सोलवर लॉगिन आलं, की कर्नलच्या कॉन्फिगरेशनला कुणी हात लावायचा नाही. चिप विकणाऱ्या कंपनीने दिलेली कॉन्फिग फाइल उचलायची, आपल्या उत्पादनाचं नाव चिकटवायचं आणि माल बाहेर काढायचा. नव्या मुलाने विचारलंच, ‘सर, हे एवढं सगळं चालू का आहे?’ तर सीनियर हे ठरलेलं उत्तर देतो. आपल्याकडे याला अनुभव म्हणतात. मला त्यात निव्वळ भीती दिसते. आणि या भीतीची किंमत तो सीनियर कधीच मोजत नाही, ती वस्तू विकत घेणारा मोजतो.

जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. घरातला राउटर, दुकानातला सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स, यांपैकी बहुतेकांच्या पोटात एक छोटा संगणक असतो आणि त्यावर बहुधा लिनक्स चालतं. कर्नल हा त्या लिनक्सचा गाभा. मेमरी कुणाला द्यायची, कुठल्या उपकरणाशी कोण बोलणार, कुणाला किती वेळ प्रोसेसर मिळणार, हे सगळं तो ठरवतो. हा कर्नल तयार करण्याआधी त्याला हजारो प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. लिनक्समध्ये असे १५ हजारांहून अधिक पर्याय आहेत. बहुतेकांचं उत्तर हो, नाही, किंवा ‘वेगळं मॉड्यूल म्हणून ठेवा’. या उत्तरांची यादी म्हणजे कॉन्फिग फाइल. प्रोसेसर एआरएम आहे की मिप्स की रिस्क-फाइव्ह, यावरून पुढचे निम्मे प्रश्न बदलतात.

आता ही उत्तरं कुणी दिली, आणि कशासाठी दिली, हा खरा मुद्दा आहे. चिपवाल्याने दिलेली फाइल ही त्याच्या प्रात्यक्षिकाच्या बोर्डासाठी असते. त्याला चिप विकायची असते, म्हणून तो सगळं चालू ठेवतो. कॅमेरा चालू, तीन तऱ्हेचे डिस्प्ले चालू, डीबग फाइलसिस्टीम चालू, प्रत्यक्ष मेमरीत थेट डोकावता येईल असं डेव्हमेम चालू, त्यावरचा लगाम मात्र बंद. प्रात्यक्षिकाला ते सोयीचं असतं. पण तीच फाइल उचलून तुम्ही इस्पितळातल्या यंत्रात किंवा सोसायटीच्या गेटवरच्या कॅमेऱ्यात घातली, तर ती सोय चोरालाही तेवढीच मिळते. गेटवरच्या कॅमेऱ्याला तीन डिस्प्ले कशाला हवेत, हे विचारायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणी देत नाही.

त्याहून वाईट प्रकार कर्नलची आवृत्ती बदलताना होतो. ‘मेक ओल्डकॉन्फिग’ म्हटलं की कर्नल फक्त नवे प्रश्न विचारतो: हे हवं का, ते हवं का, मदत हवी असेल तर प्रश्नचिन्ह दाबा. कर्नल लिहिणाऱ्यांनी प्रत्येक पर्यायाखाली चार ओळींची माहिती लिहून ठेवली आहे. आपला माणूस एंटरवर बोट दाबून धरतो आणि प्रश्न सरकताना पाहतो. ज्याला तेवढाही धीर नाही त्याच्यासाठी ‘ओल्डडेफकॉन्फिग’ आहेच, ते विचारतसुद्धा नाही.

हे सगळं मी उगाच रंगवून सांगतोय असं वाटत असेल तर २०१६ सालचं एक प्रकरण आठवा. चीनमधली ऑलविनर ही स्वस्त एआरएम चिप बनवणारी कंपनी. तिच्या चिप टीव्ही बॉक्समध्ये, टॅब्लेटमध्ये, शिकाऊ मुलांच्या स्वस्त बोर्डांत असतात. या कंपनीच्या स्वतःच्या लिनक्स ३.४ कर्नलमध्ये एक छोटी फाइल सापडली. प्रॉक फाइलसिस्टीममधल्या एका ठरावीक जागी ‘रूटमायडिव्हाइस’ एवढा एक शब्द लिहिला, की लिहिणारी प्रक्रिया त्या यंत्राची मालक. पासवर्ड नाही, काही नाही. डीबगिंगसाठी कुणीतरी ठेवलं आणि काढायचं राहिलं, असंच ते दिसत होतं. पण ते कोड उघड्यावर होतं. ज्यांनी ज्यांनी तो कर्नल उचलून आपल्या बोर्डावर बसवला, त्यांच्यापैकी कुणीही ती फाइल उघडून वाचू शकत होतं. बोर्ड सुरू होत होता, मग हात कोण लावणार? तोवर मूळ लिनक्सच्या वीसहून अधिक आवृत्त्या पुढे निघून गेल्या होत्या. त्याच चिपसाठी स्वयंसेवकांनी मूळ लिनक्समध्ये जे काम चालवलं होतं, त्यात हे भोक नव्हतं. कारण तिथे प्रत्येक ओळ चारचौघांच्या नजरेखालून जाते.

छोटी कंपनी म्हणून सोडून देऊ नका. डिसेंबर २०१२ मध्ये सॅमसंगच्या एक्सिनॉस चिपवरच्या फोनांत असाच प्रकार उघड झाला. ‘एक्सिनॉस-मेम’ नावाची एक डिव्हाइस फाइल, तिला कुणीही वाचावं-लिहावं अशी परवानगी, आणि तिच्यातून फोनची संपूर्ण मेमरी खुली. गॅलेक्सी एस-३ आणि नोट-२ सारखे महागडे फोन त्यात होते. तेव्हा कंपनी लहान की मोठी हा प्रश्न गौण आहे. चार भिंतींआड कोंडलेला, कुणी न तपासलेला कर्नल, हे दोन्हींचं एकच मूळ.

खुद्द लिनक्सच्या घरातही ही भानगड झाली होती आणि ती कशी मिटली हे आपल्या मंडळींनी नीट वाचायला हवं. एआरएमच्या जगात प्रत्येक चिपवाल्याने, प्रत्येक बोर्डासाठी, आपापली कॉन्फिग फाइल मूळ लिनक्समध्ये आणून टाकली होती. बहुतेक फाइली यंत्राने ओकलेल्या, कुणी न वाचलेल्या. २०१० मध्ये लिनस टोरवाल्ड्स वैतागला आणि या सगळ्या फाइली उडवूनच टाकतो म्हणाला. धमकी कामी आली. उवे क्लाइने-क्योनिग याने एक स्क्रिप्ट लिहून, मूळ ठरावापेक्षा वेगळ्या असलेल्याच ओळी ठेवल्या, बाकीच्या गाळल्या. जवळपास दोन लाख ओळी गेल्या आणि एकाही बोर्डाचं काही बिघडलं नाही. म्हणजे दोन लाख ओळी सांभाळल्या जात होत्या, तपासल्या जात होत्या असा देखावा होता, आणि त्यांत सांगण्यासारखं काहीही नव्हतं!

तरी रोग मुळातून गेला नव्हताच. मार्च २०११ मध्ये टोरवाल्ड्स पुन्हा भडकला, या खेपेस अशा भाषेत की ती इथे छापता येणार नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं: एकच काम करणारं कोड प्रत्येक चिपवाला वेगळं लिहितो आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्यानंतर खरं काम झालं. बोर्डावर काय कुठे जोडलंय हे सी भाषेतल्या कोडात न कोंबता ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या वेगळ्या वर्णनात लिहायचं ठरलं. ही कल्पना जुनी, ओपन फर्मवेअरमधून आलेली, पॉवरपीसी ती आधीपासून वापरत होतं. डिसेंबर २०१२ च्या लिनक्स ३.७ मध्ये एकाच कर्नलने अनेक कंपन्यांच्या ३२ बिटी एआरएम चिप चालवायची सोय आली. त्याच आवृत्तीत ६४ बिटी एआरएम दाखल झालं, आणि त्याने सुरुवातीपासून नियम पाळला: सगळ्या बोर्डांना मिळून एकच मूळ कॉन्फिग. पुढे २०१८ च्या ४.१५ मध्ये रिस्क-फाइव्ह आलं, तेही याच वाटेने.

म्हणजे जगाने हा प्रश्न सोडवून दशक उलटलं. आपण मात्र अजून चिपवाल्याची झिप फाइल उघडतोय. ही झिप फाइल हा स्वतंत्र विषय आहे. मला एका पुरवठादाराकडून अशी एक मिळाली. गिटचा इतिहास पुसलेला, ‘इनिशियल कमिट’ म्हणून सगळं एकदम ओतलेलं. मूळ लिनक्सशी ताडून पाहिलं तर हजारो ठिकाणी फरक. कुठला बदल दुरुस्तीसाठी, कुठला जुगाडासाठी, कुठला चुकून, याचा पत्ता नाही. कॉन्फिग फाइल तर पाठवलीच नव्हती. मागितल्यावर उत्तर आलं, ती गोपनीय आहे. लिनक्स ज्या परवान्याखाली मिळतं, त्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की बायनरी देणाऱ्याने सोर्स द्यायचा, आणि बांधणी व स्थापना नियंत्रित करणाऱ्या स्क्रिप्टही त्यात धरायच्या. कॉन्फिगशिवाय तोच कर्नल पुन्हा बांधून दाखवा बरं! मग ती गोपनीय कशी?

हा हक्क कागदी नाही. २००३ मध्ये लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी-५४-जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचं उघड झालं, लोकांनी सोर्स मागितला, कंपनीला तो द्यावा लागला. त्यातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. कंपन्यांनी टाकून दिलेले राउटर त्याच्या जोरावर पुढे वर्षानुवर्षं चालले. मागणारे होते म्हणून हे झालं.

आता ठरलेला आक्षेप. ‘आम्हाला स्थिरता हवी, रोज नवा कर्नल परवडत नाही.’ स्थिरता हवी हे मान्य. पण गोठवलेला कर्नल स्थिर नसतो, त्यात नवं भोक सापडलं की ते बुजवायला कुणी नसतं, एवढंच. ज्यांना खरोखर दहा-दहा वर्षं तोच कर्नल हवा आहे, वीज केंद्रं, रेल्वे वगैरे, त्यांनी २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म नावाचा प्रकल्प उभारला. ४.४ कर्नल दहा वर्षांहून जास्त सांभाळायचा त्यांचा वायदा आहे. पण तो मूळ कर्नलचा वायदा आहे, कुणाच्या झिप फाइलचा नाही. तुमचे बदल जितके मूळ लिनक्सच्या बाहेर, तितके तुम्ही एकटे. दुसरा आक्षेप ‘आम्हाला रिअल टाइम लागतं, ते मूळ कर्नलमध्ये कुठे आहे?’ हाही आता जुना झाला. वीसेक वर्षं बाहेर वाढलेलं प्रीएम्प्ट-आरटी २०२४ च्या ६.१२ मध्ये आत आलं, ६४ बिटी एआरएम आणि रिस्क-फाइव्ह दोन्हींसाठी. तिसरा आक्षेप वेळेचा. तो मात्र खरा आहे, आणि तो अभियंत्याचा दोष नाही. कॉन्फिगरेशनसाठी वेळापत्रकात दिवसच धरलेले नसतात. अंदाजपत्रकात ‘बीएसपी आणणे’ एवढी एक ओळ असते आणि मालकाला वाटतं ते दुकानातून आणायचं असतं.

देशी चिपच्या उत्साहात हे जास्तच बोललं पाहिजे. आयआयटी मद्रासचा शक्ती, सी-डॅकचा वेगा, दोन्ही रिस्क-फाइव्हवरचे प्रोसेसर, आणि त्यांच्यावर मेहनत घेतलेल्यांचं कौतुक आहेच. पण चिप इथे आखली म्हणून तिचा कर्नल आपोआप आपला होत नाही. उद्या एखाद्या देशी बोर्डासोबत पुन्हा झिप फाइलच आली, जुन्या आवृत्तीला ठोकून बसवलेली, तर फक्त कुलपावरचं नाव बदललं, किल्ली पुन्हा दुसऱ्याच्याच खिशात. देशी चिपचा पहिला निकष हा असावा की तिचे ड्रायव्हर आणि डिव्हाइस ट्री मूळ लिनक्समध्ये स्वीकारले गेलेत का. तिथे जगभरचे लोक तुमच्या कोडावर तोंड सोडतात, चुका काढतात, पाचव्यांदा परत पाठवतात. तो अपमान सोसायची तयारी हवी.

आणि शिकवणीचे वर्ग? तिथे ‘मेन्यूकॉन्फिग उघडा, बदल करू नका, सेव्ह करा, बाहेर पडा’ असं शिकवतात आणि प्रमाणपत्र देतात. त्याऐवजी मुलाला चिपवाल्याची फाइल द्या, शेजारी मूळ डेफकॉन्फिग ठेवा, ‘डिफकॉन्फिग’ चालवा आणि प्रत्येक फरकासमोर कारण लिहायला लावा. कारण सापडलं नाही तर पर्याय बंद करून बोर्ड चालतो का ते पाहा. दोन आठवडे जातील. त्या दोन आठवड्यांत तो जे शिकेल ते सहा महिन्यांत शिकत नाही. ‘सेव्हडेफकॉन्फिग’ने उरलेली शे-दोनशे ओळींची फाइल मग कुणालाही वाचता येते, आणि तिच्या शेजारी कारणांचा कागद असतो.

खरेदी करणाऱ्यांनीही गप्प बसू नये. महापालिका कॅमेरे घेते, इस्पितळं यंत्रं घेतात, सोसायट्या रेकॉर्डर घेतात. निविदेत चार प्रश्न घाला. कर्नलची आवृत्ती कोणती? मूळ लिनक्सच्या बाहेरचे बदल किती? दुरुस्त्या कुठल्या तारखेपर्यंत देणार, लेखी? आणि चालत्या यंत्रातून कॉन्फिग वाचता येईल असा पर्याय, आयकेकॉन्फिग, चालू ठेवणार का? शेवटच्या प्रश्नाला खर्च शून्य आहे. तो त्याच्या ‘प्रॉक’च्या जोडपर्यायासह चालू केला की ‘प्रॉक’मध्ये संपूर्ण फाइल दाबून ठेवलेली असते, कुणीही उघडून बघावी. पुरवठादार याच प्रश्नावर सगळ्यात आधी अडखळतो, तेव्हा तो पहिल्या क्रमांकावर घातला तरी हरकत नाही.