इफ्तारचे पुण्य दोघांचे, मग कष्ट एकटीचे का?

रोजेदाराला इफ्तार घडवणे हे रमजानमधले मोठे पुण्यकर्म. रोजा सोडवणाऱ्याला त्या रोजाइतकेच पुण्य मिळते आणि रोजेदाराच्या पुण्यात काही घट होत नाही, अशा आशयाची हदीस आहे. म्हणूनच या महिन्यात मीरा रोडच्या नया नगरपासून भाईंदरपर्यंत घरोघरी पाहुण्यांची ये-जा सुरू असते. नातलग येतात, कामावरचे सोबती येतात, शेजारची हिंदू, ख्रिस्ती कुटुंबेही दस्तरखानावर बसतात. ही रीत चांगलीच आहे. प्रश्न एवढाच, की हे पुण्य जोडताना राबते कोण?

आमंत्रण बहुधा घरचा पुरुष देतो. कधी तर दुपारी फोन येतो, ‘आज चौघे येताहेत.’ असरच्या नमाजनंतर धावपळ सुरू होते. भजी तळायची, फळे चिरायची, चणे परतायचे, सरबत करायचे, बिर्याणीला दम द्यायचा. कांदा-लसूण न खाणारा शेजारी येणार असेल तर त्याचे वेगळे काढून ठेवायचे. हे सारे करणारी बाईही रोजानेच असते आणि पहाटे सहेरीसाठी सर्वांत आधी तीच उठलेली असते. घशाला कोरड, समोर कढईची धग आणि मिठाचा सारा अंदाज केवळ हाताचा.

रोजा सोडण्याआधीची घटका दुआ कबूल होण्याची मानतात. त्या घटकेला पुरुष हात उचलून दस्तरखानावर बसलेले असतात आणि ती भज्यांचा शेवटचा घाणा काढत असते. अजान होताच खजूर तोंडात टाकून ती पुन्हा ओट्याकडे वळते. मगरीबसाठी पुरुष मशिदीत जातात, पुढे इशा आणि तरावीह असते. खरकटी भांडी मात्र तिची वाट पाहत असतात.

कोकणातल्या गावच्या घरात किंवा डोंगरी-नागपाड्याच्या जुन्या मोहल्ल्यात सासू, जावा, नणंदा असे अनेक हात एका चुलीपाशी असत. मीरा रोडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते हात नाहीत. अनेक घरांत बायकोही नोकरी करते आणि लोकलच्या गर्दीतून येऊन थेट स्वयंपाकघरात शिरते. घर लहान झाले, माणसे कमी झाली. दस्तरखानावरच्या पदार्थांची यादी मात्र वाढतच गेली. तेव्हा उरलेले दोन हात नवऱ्याचेच.

हा प्रश्न एकट्या मुस्लिम घरांचा नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. पण रमजान हा स्वतःला तपासण्याचा महिना आहे, म्हणून हा हिशेब इथे मांडायला हवा.

‘पाहुण्यांसमोर पुरुष ओट्यापाशी बरा दिसत नाही,’ असे काही वडीलधारी अजूनही म्हणतात. प्रेषित मुहम्मद (स.) घरात काय करत असत, असे विचारल्यावर हजरत आयेशा यांनी सांगितले, की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. आपली चप्पल आणि कपडे ते स्वतः सांधत, असेही वर्णन आढळते. दाढीची, मिसवाकची सुन्नत आवर्जून पाळणाऱ्यांनी ही सुन्नत का सोडावी?

करण्यासारखे पुष्कळ आहे. आमंत्रण देण्याआधी बायकोला विचारावे. सहेरीनंतर दोघांनी मिळून पदार्थ ठरवावेत आणि आठाचे चार करावेत. फळे चिरणे, सरबत, दस्तरखान मांडणे ही कामे नवऱ्याने घ्यावीत, मुलांनाही हाताशी घ्यावे. भांडी तरावीहला निघण्याआधी घासून व्हावीत. याला ‘मदत’ म्हणू नये. पाहुणे दोघांचे आहेत, तर कामही दोघांचेच आहे.

खजूर आणि घोटभर पाण्यानेही रोजा सुटतो, आणि पाहुणा भज्यांचे प्रकार मोजायला येत नाही. अजानच्या पाच मिनिटे आधी गॅस बंद व्हावा आणि घरची बाई सर्वांसोबत बसून, हात उचलून, स्वतःसाठी काही मागू शकावी. जिथे तिला एवढी सवड मिळते, तिथे इफ्तारचे पुण्य खरोखर दोघांचे होते.