रविवारचा मिक्सर

परवा मंडईत ओळखीच्या एक वहिनी भेटल्या. त्यांचा मुलगा शिकायला जर्मनीला गेलाय. "दिवसातून चारदा फोन करते हो, तरी पोरगं गप्प गप्पच असतंय," म्हणाल्या. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला माझा २०२३ चा डिसेंबर आठवला.

त्या वर्षी आमची लेक तिकडेच एम.एस.ला गेली. पहिले दोन महिने नुसता उत्साह. तास संपल्यावर सगळी मुलं बाकावर टकटक करू लागली, तेव्हा हिला वाटलं सर आवडले नाहीत वाटतं! तिकडे ती टाळ्यांची जागा. 'तू' आणि 'तुम्ही' यांचा घोळ मात्र तिला झाला नाही. "आई, त्यांचं 'झी' म्हणजे आपलं धारवाडी 'री'च गं," म्हणाली. घरात दोन भाषा असल्याचा असाही उपयोग.

मग थंडी आली. आपले रात्रीचे नऊ म्हणजे तिकडचे साडेचार, आणि खिडकीबाहेर मिट्ट काळोख. एका रविवारी हिने चटणीसाठी मिक्सर लावला. संध्याकाळी दारावर चिठ्ठी चिकटवलेली: रविवारी शांतता पाळावी. तिकडे रविवारी दुकानं बंद असतात आणि आवाज करायचा नाही, हे हिला कोणी सांगितलंच नव्हतं. "चूक माझी होती गं. पण दार वाजवून का नाही सांगितलं?" असं म्हणून ती जी रडायला लागली, ती थांबेना. शेवटी म्हणाली, "मी परत येऊ?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, 'ये' हा शब्द माझ्या ओठांवर होता. हिचे बाबा कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब मांडून बसले होते. त्यांचंही चूक नव्हतं.

या अवस्थेला 'कल्चर शॉक' म्हणतात. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मध्ये त्यावर लेख लिहिला आणि हा शब्द रुळला. त्याचं म्हणणं साधं आहे. कोणाला कसं भेटायचं, कधी काय बोलायचं, अशा शेकडो बारीक खुणांवर आपला दिवस चालतो. त्या खुणा एकदम नाहीशा झाल्या की माणूस चिडतो, घरच्या खाण्यासाठी झुरतो, शून्यात बघत बसतो. म्हणजे पोरगी नाजूक आहे किंवा लाडावलेली आहे असं नव्हे. १९५५ मध्ये लिसगार्ड या नॉर्वेच्या संशोधकाला अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे दोनशे लोकांमध्ये असं आढळलं, की सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचं बस्तान सर्वांत कमी बसलेलं होतं. पुढच्या अभ्यासांत अनेकांचा त्रास अगदी सुरुवातीलाच जास्त दिसला. तेव्हा 'पहिला महिना बरा गेला, आता काळजी नाही' असं धरून चालू नये, आणि पहिल्याच आठवड्यात कोणी रडलं तर घाबरूही नये.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि आठवलं ते माझं स्वतःचं लग्न. माहेर कोल्हापूर, सासर धारवाड. पंगतीत मामंजी "साकु, साकु" म्हणाले आणि मी धावत जाऊन साखर आणली! ते 'पुरे' म्हणत होते. आईचं पत्र दर आठवड्याला यायचं, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशी मी जास्त रडायची. मला तारलं ते शेजारच्या अक्कांनी. बाजाराला बरोबर न्यायच्या, कोणाला काय म्हणायचं ते कानात सांगायच्या. आपण कितीही माया केली तरी तिथल्या खुणा तिथलंच माणूस शिकवतं.

दुसऱ्या दिवशी लेकीला सांगितलं, "तिकिटाचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. फेब्रुवारीची परीक्षा दे, मग तू म्हणशील तसं." आणि दिवसातून तीन फोन होत होते, ते आठवड्यातून ठरलेले दोन केले. हे मला फार जड गेलं. हिचे बाबा तर चुकून नऊ वाजता फोन उचलायचे आणि "ऊटा आत?" एवढंच विचारून ठेवायचे! मी 'जेवलीस का?' ऐवजी 'आज कोणाशी बोललीस?' असं विचारू लागले. सुरुवातीला उत्तर यायचं, "कोणाशीच नाही."

तिकडच्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी कचेरी असते. पुष्कळ ठिकाणी जुना विद्यार्थी सोबतीला देतात. वसतिगृहं आणि मेस चालवणाऱ्या विद्यार्थी-सेवा संस्थांकडे समुपदेशकही असतात. लेक आधी तयार नव्हती, "मी काय वेडी आहे?" म्हणाली. दोन आठवड्यांनी गेली. त्याच सुमारास लाडू घेऊन तिने चिठ्ठीवाल्या आजोबांचं दार वाजवलं. ते आधी गोंधळले. मग कुठला कचरा कुठल्या डब्यात, मिक्सर कधी लावला तर चालेल, सगळं समजावून दिलं.

सगळ्यांचं असं मार्गी लागतंच असं नाही. मूल तासाला जाणं सोडतंय, झोपत नाही, आंघोळ-जेवण सुटलंय, जगण्याचाच कंटाळा आलाय असं बोलतंय, तर 'होईल सवय' म्हणत बसू नका. लगेच तिथल्या कोणाला तरी त्याच्या खोलीवर पाठवा. जर्मनीत तातडीच्या मदतीचा नंबर ११२ आहे. आणि परत आणायची वेळ आली तर खुशाल आणा. त्यात कसली आलीय नामुष्की?

मंडईतल्या वहिनींना यातलं निम्मंच सांगता आलं, रिक्षावाला खोळंबला होता. म्हणून इथे लिहिलं.

लेक परीक्षेला बसली, एका विषयात नापास झाली आणि तिथेच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात सुट्टीला बेळगावला आली होती. रविवारी सकाळी मी शेंगदाण्याच्या चटणीला मिक्सर लावला, तर बाईसाहेब अंथरुणातून उठून धावत आल्या आणि बटण बंद केलं.