विद्यार्थ्याबरोबर त्याचे घरही

विशाखापट्टणम येथे 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूवरून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी जे पंधरा निर्देश दिले, त्यांपैकी शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, हा निर्देश ठळकपणे लोकांसमोर आला. परंतु पालकांच्या प्रबोधनाविषयी त्याच निकालात जे सांगितले आहे, ते आमच्या मते तितकेच, किंबहुना अधिक, मर्माचे आहे.

लातूरचेच उदाहरण घ्यावे. 'लातूर पॅटर्न'च्या लौकिकामुळे मराठवाड्यातील गावोगावची मुले तेथे येतात आणि खोली, मेस, क्लास व अभ्यासिका एवढ्याच परिघात त्यांची उमेदीची वर्षे सरतात. कोणाच्या वडिलांनी सोयाबीनचे पैसे हाती पडताच फी भरलेली असते, कोणी त्यासाठी कर्ज काढलेले असते, आणि त्या कर्जाचा आकडा मुलाला पाठ असतो. रात्री आईचा फोन येतो, 'जेवलास का?' यापाठोपाठ 'टेस्टला किती पडले?' असे ती विचारते, आणि त्याच दिवशी गुणांवरून ज्याची खालच्या बॅचमध्ये रवानगी झालेली आहे तो मुलगा 'बरे पडले' एवढेच सांगून फोन ठेवतो. दोघेही परस्परांना जपतात, आणि जे बोलायला हवे ते तसेच राहते. गुणानुक्रमे बॅचा पाडण्याची ही प्रथा टाळावी, असेही न्यायालयाने बजावले आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशातील 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि त्यांपैकी 1,764, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, महाराष्ट्रातील होते.

अशा स्थितीत समुपदेशकाचे काम एखाद्या शिक्षकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवून हुकमाची तामिली झाल्याचा अहवाल वर धाडणे, हा अक्षम्य कसूर ठरेल. कारण ज्याच्या हाती आपले गुण आहेत त्याच्यापुढे कोणताही मुलगा मन मोकळे करणार नाही. पालकसभाही रोजगार न बुडता येता येईल अशा दिवशी, तालुक्याच्या ठिकाणी, भरवाव्यात. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या मुलाचे घर तर भीतीने आणि लोकलज्जेने दार लावून बसते; 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अशा व्यक्तीला अपराधी न मानता तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरतो आणि तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकतो, हे त्या घराला कोणी तरी जाऊन सांगावयास हवे. 14416 या 'टेलि-मानस'च्या क्रमांकावर अहोरात्र, मराठीतूनही, बोलता येते. तेथे पालकांनीही निःसंकोच फोन करावा.

आता जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांतील समुपदेशकांचे वेतन कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्ची पडणार, याची तजवीज शासनाने येत्या अर्थसंकल्पातच करावी, आणि ज्या खासगी क्लासमध्ये असे पद भरलेले नाही त्याच्या नोंदणीला मंजुरी देऊ नये.