वहीत न चढलेली जमा

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या इतिहासात १९५६ ते १९६९ हा कालखंड एकाच संघाच्या नावावर लागलेला आहे. बॉस्टन सेल्टिक्स या संघाने त्या तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे मिळवली आणि त्यांतली आठ तर ओळीने. या काळात सहकारी बदलले, प्रशिक्षक बदलले; तेराही हंगाम संघात राहिलेला खेळाडू एकच. सहा फूट दहा इंच उंचीचे, डावखुरे बिल रसेल. बास्केटबॉलच्या जाणकारांपैकी अनेक जण त्यांना आजही सांघिक खेळातला सर्वश्रेष्ठ विजेता मानतात. आणि तरीही त्यांचे आकडे पाहू गेल्यास वाचक प्रथम बुचकळ्यात पडतो, कारण सामन्यामागे सरासरी सुमारे १५ गुण हा काही डोळे दिपवणारा हिशेब नव्हे.

बास्केटबॉलमध्ये टाळ्या मिळतात त्या चेंडू जाळीत टाकणाऱ्याला. रसेल यांची सारी बुद्धी खर्च झाली ती प्रतिस्पर्ध्याचा चेंडू जाळीपर्यंत पोहोचू न देण्यात. उंच खेळाडू चेंडू अडवतात ते हाताचा जोरकस फटका मारून. चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडतो, जल्लोष होतो, आणि नियमाप्रमाणे चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्याच्याच हाती येतो. रसेल तसे करीत नसत. ते चेंडूला हलकेच बोटे लावून तो मैदानातच ठेवीत, शक्यतो आपल्या सहकाऱ्याच्या दिशेने वळवीत. सहकारी तो घेऊन पलीकडे धावत सुटे. समोरच्याचे दोन गुण वाचले आणि आपले दोन वाढले, असा हा दुहेरी लाभ होता. जाळीवर आपटून परतलेले २१,६२० चेंडू त्यांनी आपल्या कारकिर्दीत झेलले, त्यांची नोंद आहे. पण किती चेंडू अडवले याची नोंदच नाही; ती ठेवण्याची पद्धत त्यांच्या निवृत्तीनंतर, १९७३-७४च्या हंगामापासून सुरू झाली. शिवाय रसेल समोर उभे आहेत एवढ्यानेच बिचकून जे चेंडू कोणी मारलेच नाहीत, त्यांची गणती तर कोणत्याच काळात झाली नसती.

पेढीवर बसणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. वेळीच 'नाही' म्हटल्यामुळे जी उधारी दिलीच गेली नाही, आणि म्हणून बुडालीही नाही, ती कोणत्या वहीत जमा होते? एकत्र कुटुंबाच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला भाऊ सर्वांना दिसतो. गोदामातला माल राखणारा भाऊ दिवाळीच्या हिशेबात क्वचितच दिसतो.

विल्ट चेंबरलेन हे रसेल यांचे आयुष्यभराचे प्रतिस्पर्धी. १९६१-६२च्या हंगामात चेंबरलेन यांनी सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले. २ मार्च १९६२ रोजी तर एकाच सामन्यात १०० गुण नोंदवले. हे दोन्ही विक्रम अद्याप अबाधित आहेत. तरीही त्या हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवड झाली ती रसेल यांची. त्या काळी हा मान खेळाडूंच्याच मतांनी ठरत असे. म्हणजे ज्यांना दोघांविरुद्धही घाम गाळावा लागत होता, त्यांनी दिलेला हा कौल होता. आणि त्याच वर्षी अजिंक्यपदाच्या निर्णायक सातव्या सामन्यात रसेल यांनी ३० गुण करून व ४० चेंडू झेलून आपण गुण करू शकत नव्हतो असे नाही, हेही दाखवून दिले. अशा 'सातव्या' सामन्यांत ते दहा वेळा उतरले आणि दहाही वेळा त्यांचा संघ जिंकला. सामन्यापूर्वी मात्र त्यांना इतका ताण येई की उलटी झाल्यावाचून राहत नसे. सहकाऱ्यांना तो शुभशकुन वाटे!

१९६५ साली चेंबरलेन यांना वर्षाला एक लाख डॉलरचा करार मिळाला. रसेल यांनी आपल्या मालकांकडे मागितले एक लाख एक डॉलर, आणि ते त्यांना मिळाले. हा वरचा एक डॉलर मला त्यांच्या अकरा अजिंक्यपदांइतकाच बोलका वाटतो. आपली किंमत आपल्याला ठाऊक आहे एवढेच त्यांना सांगावयाचे होते.

ती किंमत ठाऊक असणे त्यांच्यासाठी सोपे नव्हते. विल्यम फेल्टन रसेल यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९३४ रोजी लुइझियाना राज्यातील मन्रो येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आई केटी एकदा नीटनेटका नवा पोशाख करून बाहेर पडली, तर पोलिसाने तिला अडवून घरी जाऊन तो उतरवण्यास फर्मावले. असे कपडे गोऱ्या स्त्रियांचे, म्हणून. वडील चार्ल्स पेट्रोल पंपावर गोऱ्या गिऱ्हाइकांमागे तिष्ठत राहिले आणि कंटाळून निघू लागले, तेव्हा त्यांच्यावर बंदूक रोखली गेली. कुटुंबाने अखेर गाव सोडले आणि कॅलिफोर्नियातील ओकलंड गाठले. विल्यम बारा वर्षांचा असताना आई निवर्तली. शाळेच्या संघात हा किडकिडीत मुलगा कसाबसा टिकला. परंतु सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला त्याने १९५५ व १९५६ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली आणि त्याच वर्षाअखेर मेलबर्न ऑलिंपिकचे सुवर्णपदकही जिंकले. बॉस्टनचे प्रशिक्षक रेड ऑरबाख यांनी या तरुणाला मिळवण्यासाठी सेंट लुईसच्या संघाला एड मकॉली व क्लिफ हेगन हे दोन खेळाडू देऊ केले. सौदा एकतर्फी नव्हता. १९५८चे अजिंक्यपद सेंट लुईसनेच नेले.

बॉस्टनच्या मैदानात टाळ्या मिळत, मैदानाबाहेरची कथा वेगळी होती. १९६१ साली केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे प्रदर्शनीय सामन्यासाठी संघ गेला असता हॉटेलच्या उपाहारगृहात कृष्णवर्णीय खेळाडूंना खाद्यपदार्थ देण्यास नकार मिळाला. रसेल व त्यांचे सहकारी सामना न खेळताच विमानाने परतले. बॉस्टनजवळच्या रेडिंग गावातील त्यांच्या घरात तर लोक घुसले; भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या, पारितोषिकांची मोडतोड केली, अंथरुणात घाण केली. ज्या गावाला अजिंक्यपदामागून अजिंक्यपद दिले त्याने दिलेली ही परतफेड रसेल विसरले नाहीत, आणि विसरल्याचा आवही त्यांनी आणला नाही. १९६३ साली मिसिसिपीत मेडगर एव्हर्स या नागरी हक्कांच्या कार्यकर्त्याची हत्या झाली, तेव्हा जॅक्सन शहरात जाऊन त्यांनी गोऱ्या-काळ्या मुलांचे एकत्र बास्केटबॉल शिबिर घेतले. तेथे जाणे हेच त्या दिवसांत जिवावरचे होते.

१९६६ साली ऑरबाख यांनी आपली जागा रसेल यांना दिली. या स्पर्धेतील ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. गोऱ्या खेळाडूंना ते निःपक्षपातीपणे वागवू शकतील काय, असे एका पत्रकाराने विचारले. हा प्रश्न आजवर कोणत्याही गोऱ्या प्रशिक्षकाला पडला नव्हता! माणसाची कदर त्याच्या क्षमतेवरून होते, इतक्याच आशयाचे उत्तर त्यांनी दिले आणि खेळाडू व प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत १९६८ व १९६९ची अजिंक्यपदे जिंकून ते निवृत्त झाले.

त्या शेवटच्या विजयाला एक डाग लागला. दुखापतीमुळे चेंबरलेन सातव्या सामन्याची अखेरची मिनिटे बाहेर बसले होते; त्यावर रसेल यांनी नंतर जाहीर टीका केली. वास्तविक एके काळी हे दोघे एकमेकांच्या घरी सणाला जेवणारे मित्र. या एका बोलण्याने सुमारे दोन दशके अबोला राहिला. पुढे रसेल यांनी क्षमा मागितली, दोघे पुन्हा बोलू लागले, आणि १९९९मध्ये चेंबरलेन वारले तेव्हा त्यांच्या स्मृतिसभेत रसेल बोलले. जो माणूस गावापुढे नमला नाही, तो मित्रापुढे नमला. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग फार मोलाचा वाटतो.

सन्मानांच्या बाबतीत मात्र ते अखेरपर्यंत आपल्या अटींवर राहिले. १९७२ साली बॉस्टनने त्यांचा सहा क्रमांक कायमचा राखून ठेवला, तो ध्वज वर चढवण्याचा समारंभ त्यांनी प्रेक्षक आत येण्यापूर्वी, जुन्या सहकाऱ्यांच्या उपस्थितीत उरकायला लावला. १९७५मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली. ते समारंभाला गेले नाहीत. आपल्याआधी हा मान ज्यांना मिळायला हवा होता त्यांना तो मिळालेला नाही, ही त्यांची भूमिका होती. १९५० साली या स्पर्धेसाठी निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू चक कूपर, तोही सेल्टिक्सचाच. कूपर यांना तो मान मरणोत्तर मिळाला २०१९ साली. त्याच वर्षी, वयाच्या ८५व्या वर्षी, पत्नी व मोजक्या मित्रांसमोर रसेल यांनी चव्वेचाळीस वर्षे नाकारलेली ती अंगठी बोटात घातली.