रैवतक, कोलोरॅडो आणि आमची स्टाफरूम

आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने २०२१ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डोंगरातल्या एका तळ्याकाठी लग्न केले. भटजी नाहीत, वऱ्हाड नाही. दोघे जण, पाठीवरच्या सॅका, चिखलाने माखलेले बूट आणि एक छायाचित्रकार. नंतर तिने आम्हाला विचारले, "सर, मॅडम, इकडे याला 'ॲडव्हेंचर इलोपमेंट' म्हणतात. मराठीत काय म्हणू? आई 'पळून जाऊन लग्न' म्हणू देत नाही." आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक; शब्द सुचवणे हे आमचे कामच. पण आईचा आक्षेप आम्हाला बरोबर वाटला, आणि तो का बरोबर वाटला हे सांगायचे तर आमच्याच व्यवसायाविषयी काही कडू लिहिणे भाग आहे.

या मुलीवर अन्याय होऊ नये म्हणून आधी तिची बाजू. लग्न ठरले होते मे २०२० मध्ये, पुण्यात. टाळेबंदी आली, नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली आणि कार्यालयाची अनामत रक्कम अडकली. मग डिसेंबर ठरला. तेव्हा पन्नास माणसांची मर्यादा होती, आणि त्या पन्नासांत मामांकडचे किती व काकांकडचे किती यावरून जे रण माजले त्यात मुहूर्तच वाहून गेला. तिसऱ्यांदा मे २०२१ ठरवला, तर एप्रिलमध्ये शासनाने पंचवीस माणसे आणि दोन तास असा नियम केला. तिन्ही वेळा याद्या बदलल्या, मेन्यू बदलला, एकदा तर कुलाचाराचा क्रमही बदलला. बदलले नाही ते एवढेच की या दोघांना काय हवे आहे हे कोणी विचारले नाही. त्यांनी शेवटी जे केले ते आम्हाला मनापासून आवडले. पाहुण्यांच्या यादीपासून सुटका करून घेण्याचा हक्क कोणालाही असावा.

पण सुटका वेगळी आणि पळणे वेगळे. कोलोरॅडोत वधूवर स्वतःच स्वतःचे लग्न लावू शकतात. पुरोहित लागत नाही, साक्षीदारही लागत नाही. परवाना काउंटीच्या कचेरीत मिळतो, तो पस्तीस दिवस चालतो. राष्ट्रीय उद्यानात विधी करायचा तर आणखी एक परवानगी काढावी लागते. आता तर या साहसाचा तिकडे रीतसर व्यवसायच झाला आहे. मूळ इंग्रजी शब्दाला मात्र एके काळी घोड्यांच्या टापांचा आवाज होता. १७५४ मध्ये इंग्लंडात विवाहाचा नवा कायदा अमलात आला आणि एकवीस वर्षांखालच्या मुलामुलींना परवान्याने लग्न करायचे तर पालकांची संमती आवश्यक ठरली, तेव्हा जोडपी सीमा ओलांडून स्कॉटलंडमधल्या ग्रेटना ग्रीन गावी जात. मागून बापाची गाडी असे. मागून कोणी येत नसताना डोंगर चढणाऱ्यांनी तो शब्द घेतला, तर ती त्यांच्या भाषेची बाब आहे. मराठीत तो आणायचा झाला, तर त्याची किंमत कोण मोजते हे पाहायला हवे.

तळ्याकाठची ती छायाचित्रे आमच्या स्टाफरूममध्ये फिरली. केवढे कौतुक झाले! "काय धाडस आहे पोरीचे," "खरे लग्न म्हणजे हे." आम्हीही त्यात होतो. पण त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर, २०१८ साली आम्ही दुसरे काही ऐकले होते. तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी परीक्षेच्या मधल्या पेपरापासून येईनाशी झाली. मुलगा दुसऱ्या धर्माचा. तिचे भाऊ कॉलेजच्या फाटकाशी चार दिवस उभे होते. तेव्हा धाडस हा शब्द कोणाला सुचला नाही. "घराण्याची अब्रू घालवली," "शिकवून काय उपयोग," असे बोलणे झाले, आणि तिच्या मैत्रिणींना बोलावून पत्ता काढता येईल का, अशीही चर्चा झाली. आम्ही दोघे तेव्हा उत्तरपत्रिका तपासत होतो. मान वर केली नाही.

तिच्यासाठी कायदा काय सांगतो पाहा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्नाआधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत ठळक जागी लावायची असते, आणि कोणालाही आक्षेप घेता येतो. नंतर तीन साक्षीदार. म्हणजे जिने लपायचे तिनेच आपले नाव भिंतीवर लावायचे! अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली. तोवर किती भावांनी तो कागद वाचला असेल याचा हिशेब नाही. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित निवारे उभारण्याचा विचार राज्यांनी करावा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये सांगावे लागले. आणि डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या राज्याने आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. टीका होताच आंतरजातीय विवाह वगळले, आंतरधर्मीय ठेवले. पळून जाऊन केलेल्या लग्नांची माहितीही या समितीच्या कक्षेत होती. कोलोरॅडोतल्या लग्नाची माहिती कोणती समिती मागवणार?

आता आमचा विषय. 'संगीत सौभद्र' आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला, हे पाठ असते. अर्जुनाचा यतिवेष, कृष्णाचे कारस्थान, पदांचा गोडवा, हेही सांगून होते. पण हे सबंध नाटक ठरलेले लग्न बदलण्याचे आहे, हे आम्ही कधी ठासून सांगितले? बलराम दुर्योधन ठरवतो, कृष्ण ते उधळतो, आणि प्रेक्षक सव्वाशे वर्षांहून अधिक काळ कृष्णाच्या बाजूने हसतो. महाभारतात तर गंमत आणखी आहे. रैवतक पर्वतावरच्या उत्सवाच्या वेळी सुभद्रेला उचलून न्यायचा बेत कृष्ण आणि अर्जुन करतात, आणि त्याआधी जलद दूत पाठवून युधिष्ठिराची संमती मागवतात. डोंगर आहे, रथ आहे, साहस आहे आणि वडीलधाऱ्याची परवानगीही आहे. विचारले नाही ते फक्त सुभद्रेला. किर्लोस्करांचे मोठेपण आमच्या मते इथे आहे की त्यांनी तिचे मन नाटकाच्या मध्यभागी आणले. अभ्यासक्रमात मात्र ते 'खेळकर प्रेमनाट्य' या एका शब्दजोडीत मिटते.

रुक्मिणीची तऱ्हा उलट. तिथे बेत तिचाच आहे: लग्नाच्या आदल्या दिवशी देवीच्या दर्शनाला मी नगराबाहेर येईन, तिथून मला ने, असे ती स्वतः कळवते. भागवतातल्या या कथेवर महानुभावांच्या नरेंद्राने लिहिले, १५७१ मध्ये एकनाथांनी लिहिले. आणि आपल्या घरांतून या एकनाथी ग्रंथाचे पारायण कोणाला करायला सांगतात? ज्या मुलीचे लग्न जमत नाही तिला. म्हणजे आईबापांनी पाहिलेले स्थळ लौकर पक्के व्हावे म्हणून! भावाचा बेत मोडून पळालेल्या मुलीची पोथी वाचायची, ती भावाचा बेत फळावा यासाठी. ही विसंगती आम्ही वर्गात विनोद म्हणून सांगत असू. २०१८ नंतर सांगवत नाही.

कोणी म्हणेल, शब्दाचा एवढा बाऊ कशाला? एकाच शब्दाचे दोन अर्थ भाषेत नांदतात. नांदतात, हे खरे. पण 'पळून जाणे' हा शब्द छायाचित्रांच्या अल्बमवर चढला की तो गोड होईल, आणि गोड झाला की फाटकाशी उभे असलेले भाऊ त्यातून पुसले जातील. 'सैराट'च्या शेवटी दारात आलेले नातेवाईक २०१६ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्यानंतरही आपल्याला हा शब्द हलका करून घ्यायचा असेल, तर आमचा त्याला विरोध आहे.

त्या मुलीला आम्ही कळवले की तुझ्या लग्नाला 'लग्न' म्हण. तिने लगेच मान्य केले. आईला सांगते म्हणाली. दुसरीने परीक्षा कधीच पूर्ण केली नाही. ती कुठल्याशा शहरात आहे, एवढे तिच्या मैत्रिणीकडून कळले. कोणते शहर ते आम्ही विचारले नाही.

यंदाच्या प्रश्नपत्रिकेत 'सौभद्रमधील विनोद' अशी टीप आहे. प्रश्नपत्रिका आम्हीच काढली आहे.