पुस्तक काढले आणि हिशेब शिकले



मागच्या महिन्यात आमच्या हिवरा आश्रमच्या शिवण-दुकानात शेजारच्या गावची एक बाई आली. गेली आठ वर्षे ती घरी पापड, शेवया आणि मसाला करून आठवडी बाजारात विकते. ब्लाउजचे माप देऊन झाल्यावर हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही धंद्याचं पुस्तक काढलं म्हणे. मलाही माझ्या धंद्याचं लिहायचं आहे. पुस्तक कसं काढतात? पैसे बुडतात का?"

मी म्हटले, "बुडतात. माझे बुडाले. बस, सगळे सांगते."

तिला सांगितले तेच आज या सदरात लिहिते आहे. पुस्तकाचे नाव मात्र लिहीत नाही, नाहीतर सदराची जाहिरात व्हायची.

आधी पुस्तक का लिहावेसे वाटले ते सांगते. दुकानदाराच्या घरचे पोर गल्ल्याजवळ बसून मोठे होते. माल किती भावाने आणला, किती भावाने विकला, कोणाला उधार द्यायचे आणि कोणाला हात जोडायचे, हे त्याला कोणी वेगळे शिकवत नाही. आपल्या घरांत वडील बांधकामावर, कारखान्यात, नाहीतर दुसऱ्याच्या शेतात. मजुरी आली की खर्चायची, एवढाच हिशेब आपण पाहिला. शिवणक्लासमध्ये मला कटोरी ब्लाउज कापायला शिकवला. त्या ब्लाउजची शिलाई किती घ्यायची, हे कोणीच शिकवले नाही. सुरुवातीची तीन वर्षे मी दोरा, हुक, अस्तर आणि विजेचे बिल वजा न करताच 'कमाई' मोजत होते.

दरवर्षी दीक्षाभूमीवर गेले की पुस्तकांच्या दुकानांतून फिरते. चरित्रे, धम्माची पुस्तके, गाण्यांची पुस्तके पिशवी भरून आणते. पण आपल्या एखाद्या बाईने 'मी दुकान असे चालवले' असे लिहिलेले पुस्तक मला काही हाती लागले नाही. मग वाटले, आपणच लिहावे.

दोन वह्या केल्या. एका वहीत रोज रात्री अर्धा तास लिहायचे, दुसऱ्या वहीत पुस्तकासाठी झालेला खर्च टिपायचा. पहिली वही सात महिन्यांत भरली. माप कसे घ्यावे, मापाची वही कशी ठेवावी, कापड वाया जाऊ नये म्हणून काय करावे, जूनमध्ये शाळेच्या गणवेशांची घाई कशी सांभाळावी, जुने मशीन घेताना काय पाहावे, असे सगळे लिहिले. वाचून माझे मलाच कौतुक वाटले.

एका शनिवारी आमच्या बचत गटाच्या बायकांना ते वाचून दाखवले. सगळ्यांनी छान छान म्हटले. मग भाजी विकणाऱ्या एका आजींनी विचारले, "बाई, समदं लिवलं, पन उधारीचं कुटं हाय?"

मी गप्प झाले.

उधारीचे मी लिहिलेच नव्हते आणि ते विसरून नव्हे. एका वर्षी जूनमध्ये मी एकतीस गणवेश उधारीवर शिवून दिले होते. कापडही माझेच. बहुतेक घेणारी आपलीच माणसे. कोणी नात्यातले, कोणी विहारात रोज भेटणारे. दिवाळीपर्यंत निम्मे पैसे आले नाहीत. कापडवाल्याचे देणे राहिले. मशीनचा हप्ता थकला. शेवटी चार महिने दुकान बंद ठेवून मी दुसऱ्याच्या दुकानात मजुरीवर काज-बटणाचे काम केले. हे पुस्तकात लिहायची मला लाज वाटत होती. ज्या बाईचे स्वतःचे दुकान बंद पडले, तिने इतरांना धंदा शिकवावा कसा?

घरी आल्यावर यजमानांना सांगितले. ते म्हणाले, "अगं, तेच तर तुला आलं. बाकीचं क्लासवालीही सांगते."

ते प्रकरण लिहायला मला दीड महिना लागला. नावे कोणाची घातली नाहीत. कापड गिऱ्हाइकाचे असेल तरच शिलाई उधार. अर्धे पैसे आधी. नात्यातल्या माणसाला उधारी नाकारायची तर कोणत्या शब्दांत, हेही लिहिले. "दादा, दुकान माझं असलं तरी कापड दुसऱ्याच्या उधारीचं आहे," एवढे एक वाक्य मला चार महिन्यांची मजुरी करून सापडले होते. आज पुस्तक वाचून फोन करणाऱ्या बहुतेक बायका त्याच प्रकरणाबद्दल बोलतात.

आता छपाईचे. जिल्ह्यातल्याच एका छापखान्यात गेले. पुस्तकाची छपाई फर्म्यावर चालते हे तिथे कळले. आमच्या आकाराचा एक फर्मा म्हणजे सोळा पाने. माझा मजकूर सत्तर पानांचा होत होता, म्हणजे चार फर्मे होऊन सहा पाने जास्त. त्या सहा पानांसाठी पाचवा फर्मा लागला असता. मी घरी येऊन दोन दिवस काटछाट केली आणि चौसष्ट पानांत बसवले. कापड बेतण्यासारखेच ते काम आहे.

मुद्रिते तपासताना एक चूक राहिलीच. छातीच्या मापात 'साडेबत्तीस'चे 'साडेबावीस' झाले. मी स्वतः तीनदा वाचले होते, पण आपले लिहिलेले आपल्याला बरोबरच दिसते. पाचशे प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवत आम्ही सगळे घर दोन रात्री बसलो. म्हणून सांगते, आकडे दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावेत.

एका ओळखीच्या गृहस्थांनी आणखी एक सल्ला दिला. "मुखपृष्ठावर आडनाव घालू नका. नुसतं नाव घाला. सगळ्या समाजाचे लोक घेतील." माणूस वाईट नव्हता. माझ्या भल्यासाठीच बोलत होता. दुकान काढले तेव्हा काही आळ्यांतल्या बायका माप द्यायला यायच्या नाहीत, हे त्यालाही ठाऊक होते. धंद्यात आपले नाव आड येते हा अनुभव नवा नाही. खुद्द बाबासाहेबांनी १९१८ च्या सुमारास, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याआधी, शेअर-रोख्यांचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो बंद करावा लागला. परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाची ही गत.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी छापखान्यात फोन केला आणि आडनावासकट पूर्ण नाव घालायला सांगितले. गिऱ्हाइके किती गेली ते मला मोजता येणार नाही. पण पुस्तक लिहिले कोणी हेच झाकले असते, तर आमच्या मुलींना त्याचा उपयोग काय?

आपले पुस्तक आपण छापायचे म्हटले की मला १९३६ साल आठवते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले होते. भाषण आधी वाचून मंडळींना त्यातले विचार झेपेनात. बदल करा म्हणाले. बाबासाहेबांनी बदल केला नाही. परिषदच रद्द झाली. तेव्हा त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने पुस्तकरूपात काढले. तेच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली.

त्या पुस्तकाची किंमत होती आठ आणे. गांधीजींनी 'हरिजन' पत्रात त्यावर लिहिताना किंमत कमी करून दोन आणे, निदान चार आणे करावी असे सुचवले होते. हे वाचले तेव्हा मला माझीच गोष्ट आठवली. पुस्तक निघाल्यावर मला भेटलेला प्रत्येक दुसरा माणूस म्हणाला, "ताई, आपल्या लोकांचं काम आहे, फुकट वाटा." सल्ला देणाऱ्याला छापखान्याचे बिल येत नसते.

छपाईचे पैसे ही साधी गोष्ट नाही. 'द बुद्ध अँड हिज धम्म' छापायचा खर्च मोठा होता. १९५६ च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून सरकारने सुमारे पाचशे प्रती विकत घ्याव्यात असे सुचवले. बुद्धजयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेले पैसे संपले, असे उत्तर आले. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. एवढ्या मोठ्या माणसाला जी काळजी करावी लागली, ती आपल्याला का चुकेल?

आता माझा हिशेब, जसाच्या तसा. पाचशे प्रतींना २१ हजार रुपये खर्च आला, म्हणजे प्रतीला ४२ रुपये. मी किंमत ठेवली ६० रुपये आणि मनात म्हटले, प्रतीमागे १८ रुपये सुटतील. पुस्तक-दुकानदार तीस टक्के कमिशन घेतो हे मला छापून झाल्यावर कळले. साठाचे तीस टक्के म्हणजे बरोबर १८ रुपये. उरले शून्य! दुसऱ्यांना 'आधी सगळे खर्च मांडा' असे शिकवणाऱ्या बाईने स्वतःच्या पुस्तकाचाच खर्च मांडला नव्हता.

२०२४ च्या अशोक विजयादशमीला, म्हणजे १२ ऑक्टोबरला, दीक्षाभूमीवर एका ओळखीच्या विक्रेत्याच्या टेबलाचा कोपरा मिळाला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेले, तिथे चादर अंथरून बसले. जानेवारीत आमच्याकडे विवेकानंद आश्रमाचा जयंती-उत्सव भरतो. लाखो लोक येतात. पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरमधून पंगतीत फिरतो. त्या गर्दीतही माझ्या दुकानासमोर पाट मांडून पुस्तके ठेवली. तीन दिवसांत चौदा गेली. लांबच्या खेड्यांतल्या बायका आकृत्यांवर बोट फिरवून बघायच्या. घ्यायच्या थोड्या.

एकूण असे झाले: हाताने विकल्या २०० प्रती, त्यांचे आले १२ हजार. दुकानांतून ९० गेल्या, त्यांचे आले ३,७८०. फुकट वाटल्या १५०. उरल्या ६०. म्हणजे २१ हजारांत ५,२२० रुपयांची खोट, गाडीभाडे वेगळेच.

त्या उरलेल्या साठ प्रतींचेही ऐका. पुस्तकात मी मुद्रा कर्जाची वरची मर्यादा दहा लाख अशी छापली होती. दीक्षाभूमीवरून येऊन पंधरा दिवसही झाले नाहीत, तोच जुने कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी ती मर्यादा वीस लाख झाली. तसे सरकारने जुलैच्या अर्थसंकल्पातच सांगितले होते; मी वाचले नव्हते. तेव्हापासून ठरवले, योजनांचे आकडे पुस्तकात घालायचे नाहीत. योजनेचे नाव, कोणत्या कचेरीत जायचे आणि कोणते कागद लागतात, एवढेच घालायचे.

टपालाचेही तसेच. स्वस्तातले रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले आणि बाहेरगावच्या मागणीवर टपालखर्चच जास्त व्हायला लागला. मे २०२५ पासून टपाल खात्याने पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केले. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले हवे आणि आत जाहिराती नकोत. माझ्या पहिल्या आवृत्तीत मागच्या पानावर दोन कापड-दुकानांच्या जाहिराती होत्या. दुसऱ्या आवृत्तीत त्या काढल्या.

होय, दुसरी आवृत्ती काढली. मजकूर जुळवलेला होताच, त्यामुळे हजार प्रतींना ३१ हजार पडले. किंमत ठेवली ८० रुपये. कमिशनचे २४ गेले तरी ५६ हाती येतात, प्रतीमागे २५ रुपये उरतात. फुकट द्यायच्या प्रती आधीच बाजूला काढल्या. एकूण पन्नास, त्याही वाचनालयांना आणि शिवणक्लासांना. वर्षभरात सहाशेच्यावर गेल्या आहेत. कोणी 'महाग आहे' म्हटले तर त्यांना मी एका ब्लाउजची शिलाई विचारते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. आयएसबीएन क्रमांक सरकारकडून फुकट मिळतो, कोणाला पैसे देऊ नका. स्वतः लिहिलेल्या पुस्तकाचा हक्क आपोआप आपला असतो, नोंदणी सक्तीची नाही. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. आमच्या लेकीने ते पुडके बांधताना विचारले, "आई, तुझं पुस्तक कोलकात्याला राहणार?" मी म्हटले, "हो, आडनावासकट."

हे सगळे ऐकून ती पापडवाली बाई म्हणाली, "मग नुसत्या रेसिप्या लिहून चालणार नाही तर."

"त्याही लिही," मी म्हटले. "पण ज्या पावसाळ्यात तुझे पापड बुरशीने गेले असतील, तो पावसाळा आधी लिही. किती किलो गेले, किती रुपये गेले, पुढच्या वर्षी काय बदललेस, सगळे आकड्यांसह."

ती हसली. म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं पापड गेले ते?"

जाताना तिने समोरच्या दुकानातून दोनशेपानी दोन वह्या घेतल्या. ब्लाउज तिला येत्या बुधवारी द्यायचा आहे. शिलाईचे अर्धे पैसे मी आधीच घेतले आहेत.

आपली भगिनी